ठिपकेवाले काका

आमच्या ऑफिसात सलाईनच्या पंपांचे प्रोग्राम लिहिले जातात. थेंब कधी सोडायचा, कधी थांबवायचा, हे पंपाला आमचा कोड सांगतो. म्हणून कुणाचाही कोड बाहेर पडण्याआधी आमच्यातले सगळ्यात जुने, सगळ्यांचेच काका तो डोळ्यांत तेल घालून वाचत. कागदावर छापून घेत आणि चूक दिसली की त्या ओळीशेजारी पेन्सिलीनं एक बारीकसा ठिपका देत. बस्स! काय चुकलं ते सांगायची पद्धत नाही. आपण ठिपक्याकडे बघत बसायचं, मनातल्या मनात त्यांच्या नावानं बोटं मोडायची आणि मग केव्हातरी डोक्यात प्रकाश पडायचा. माझं नाक पहिल्यापासून वर, त्यामुळे ठिपके मलाच जास्त, आणि भांडायचेही मीच.

"सरळ सांगा ना काका!"

"सापडेल गं. घाई काय आहे?"

महिनाअखेरीस काका निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी माणूस येणार नव्हता. कोड आपोआप वाचून चुका दाखवणारा एक प्रोग्राम येणार होता, त्याला आम्ही तपासनीस म्हणायला लागलो होतो. तो बसवायचं काम साहेबांनी नेमकं माझ्या गळ्यात मारलं. कामाला मी नाही म्हणत नाही, पण हे अगदी जिवावर आलं.

बसवणं तसं अवघड नव्हतं. कुठले नियम लावायचे आणि कुठले फोल्डर वाचायचे, एवढं त्याला सांगायचं. सगळ्यांना दाखवण्याआधी मी एकटीनं चालवून पाहिला. सगळ्यात वर, लालेलाल, काकांनी तरुणपणी लिहिलेला भाग होता. पंप त्याच्यावर आजही बिनबोभाट चालतात, पण तपासनिसाला त्याचं काय? फंक्शन लांबलचक आहेत, तोच मजकूर चार ठिकाणी आहे, या नावाचा उपयोग काय, एक ना दोन! आता जाता जाता भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर माणसाची अशी शोभा करायची? मी काकांचा फोल्डर तपासणीतून वगळला आणि गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सगळे पडद्यासमोर जमले. काका वगळल्यावर पहिला नंबर अर्थात माझा होता. सगळ्यांनी मला मनसोक्त चिडवून घेतलं. काका मात्र हसले नाहीत. चष्मा लावून ते पडद्यावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवत होते. परत एकदा फिरवलं. मग माझ्या टेबलापाशी आले.

"माझं कुठंय गं?"

"तुमचं जुनं आहे ना, काका. ते घेतलं नाही."

"वगळलंस?"

खोटं बोलायला गेले, पण जमलं नाही. "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

काका खुर्ची ओढून बसले. रागावले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

"अगं, तुम्हा सगळ्यांचं मी वाचलं. माझं कोण वाचणार? मी लागलो तेव्हा वाचायला दुसरं कुणी नव्हतं आणि नंतर कुणी धजलं नाही. एक ठिपका मिळाला नाही मला आजवर. म्हटलं, जायच्या आधी हा तरी वाचेल. सकाळपासून वाट बघतोय."

मी त्यांना जपायला निघाले होते आणि त्यांना हवी असलेली एकुलती एक गोष्टच काढून घेऊन बसले होते.

मी फोल्डर परत तपासणीत घेतला. पडदा वरून लाल होत गेला, तसे काका लहान मुलासारखे खूश झाले. "बघ, बघ, केवढं निघालं! काय काय म्हणतोय तो?" ते वाचायला उठणार, एवढ्यात मी पडदाच बंद केला.

त्यांच्या फोल्डरमधलं पहिलं पान छापून आणलं, त्यांच्याच खिशातली पेन्सिल मागून घेतली आणि एका ओळीशेजारी ठिपका दिला. काकांनी चष्मा पुसला आणि ते त्या ओळीवर वाकले.

"काय चुकलंय इथं?"

"सापडेल हो," मी म्हटलं. "घाई काय आहे?"