राखणीवरची काळुंदरं

माशालाही आईबाप असतात असं कुणी सांगितलं, तर तुम्ही हसाल की नाही? मी हसले असते. रत्नागिरीहून सकाळच्या एसटीने निघाले तेव्हा मिरकरवाडा बंदरातला मासळीचा लिलाव नुकताच पाहिला होता. तिथे मासा म्हणजे किलो, बास.

त्याच दुपारी खाडीकाठच्या गावात खानावळीत खोली घेतली. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर सुलभाकाकींबरोबर पाण्यात उतरले. त्या खानावळीला मासे पुरवतात. खांद्यावर पाग (फेकायचं जाळं). इथे ओहोळाचं गोडं पाणी खाडीला मिळून मचूळ होतं, आणि त्यातच काळुंदर राहतं: तळहाताएवढा चपटा मासा, अंगभर मोत्यांसारखे ठिपके.

मी एका काळ्या दगडाकडे पाऊल टाकलं.

"थयं नको गो! राखण हाय."

राखण म्हणजे गाव राखणारा देव, असं मला वाटलं. माझं डोकंच तापलं. "काकी, देवाच्या नावानं किती दिवस घाबरायचं?"

"देव कुठला? वाक नि बघ. चष्मा कशाला लावलायस?"

वाकले. दगडाला मोहरीसारखी अंडी चिकटलेली. एक काळुंदर परांनी त्यांना वारा घालत होतं, दुसरं भोवती फेऱ्या मारत होतं. माझी सावली पडली, तशी दोघं पळाली नाहीत. माझ्या पायावर चालून आली! एवढ्याशा जिवांपुढे मी मागे सरकले.

"एकाला जरी उचललं ना, बाकीची मासळी अंडी गिळून टाकते," काकी म्हणाल्या. "आता पाण्यात राखणीवरच्याशिवाय काळुंदरं उरलीत कुठं?"

इतक्यात त्यांचा फोन वाजला. खानावळवाला ओरडतच होता. "काकी, पाहुण्यांना काळुंदरच पायजे. नसंल तर उद्यापासून दुसरीकडनं घेतो."

"घे बापड्या. राखणीवरचं मी देनार नाय."

रोजचं गिऱ्हाईक असं गेलं. पाहुणी मीच होते. काल रात्री मीच काळुंदर हवं म्हणून ठणकावून सांगितलं होतं.

"काकी, ती पाहुणी मी."

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "मग ऱ्हा उपाशी!" आणि खदखदून हसल्या.

मी खानावळवाल्याला फोन करून मागणी मागे घेतली. तो म्हणाला, "ताई, तुमी ऐकलंत. पण शनवारी गाड्या भरून येतात, त्यांना कोन सांगनार?"

परतीच्या एसटीत हाच प्रश्न डोक्यात घोळत होता. तत्त्वं सांगायला सोपी, ताट समोर आलं की जड. म्हणून तुम्हालाच सांगते: कोकणातल्या खानावळीत "आज काळुंदर नाही" असं ऐकलंत, तर हट्ट धरू नका, उठून दुसरीकडे जाऊ नका. तिथेच बसा आणि बांगडा मागा.