उभ्या केलेल्या विटा

नव्वदच्या दशकातल्या कुठल्यातरी हिवाळ्यात पनवेलबाहेरच्या एका फार्महाऊसवर भारत-जपान कला शिबिर भरलं. महिनाभर तिथेच राहायचं, काम करायचं आणि शेवटी प्रदर्शन. मुंबईचे आयोजक उठताबसता 'दोन संस्कृतींचा संवाद' म्हणायचे. संवाद म्हणजे काय, तर जपानी पाहुणे दिसले की विहिरीतून बादली काढावी तसं कमरेत वाकायचं. मीही वाकायचो, इतरांपेक्षा चार बोटं जास्तच. मी पनवेलच्या शाळेतला चित्रकलेचा मास्तर. शिबिरातल्या एकाला सहा महिने जपानला नेणार होते आणि तो एक मीच असावा म्हणून माझा लाळघोटेपणा चालला होता.

पाहुणे म्हणजे साठीचे एक शिल्पकार. त्यांनी शेजारच्या वीटभट्टीवरून दोनशे कच्च्या विटा मागवल्या आणि हॉलच्या जमिनीवर, दोरी लावून, आडव्या मांडल्या. दोन दिवस ते चाललं. आयोजक डोळे मिटून 'शांतता, शांतता' पुटपुटत होते. मला त्यात विटाच दिसत होत्या, पण मान मी जोरात हलवली.

भट्टीवरचीच एक कातकरी बाई हॉल झाडायला यायची. प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या सकाळी मी हॉलमध्ये पोचलो तर ती शेवटची रांग उरकत होती. सगळ्या विटा तिने कडेवर उभ्या केल्या होत्या.

"हे काय केलंस?" मी ओरडलो.

"वली हाय ना, दादा," ती म्हणाली. "अशी पडून राहिली तर बुडाला सुकत नाय, मग भट्टीत फुटते. आमी तर उभ्याच करतो. तुमी सगले शिकलेले, कुनाला कसं नाय सुचलं?"

आयोजकांनी ते पाहिलं आणि त्यांची पाचावर धारण बसली. बाईला त्यांनी मागच्या दाराने हाकललं. तेवढ्यात पाहुणे आले. बराच वेळ विटांभोवती फिरले आणि दुभाष्याशी काहीतरी बोलले.

"हे कुणी केलं, विचारतायत," दुभाष्या म्हणाला. "त्यांना हे स्वतःच्या मांडणीपेक्षा बरोबर वाटतंय."

आता झाडणाऱ्या बाईकडे बोट दाखवायचं तर शिबिराची शोभा जायची. एका आयोजकाने माझ्या पाठीवर हात ठेवला. "आमच्या या स्थानिक कलावंताने. प्रतिसाद म्हणून."

मी व्यवस्थित वाकलो.

संध्याकाळच्या भाषणांत 'मातीशी नातं' चारदा आलं. जिचं ते खरोखर होतं ती फाटकाबाहेर उभी होती. तिला कुणी आत बोलावलं नाही, मीही नाही.

जपानला अर्थात मीच गेलो. पहिल्याच सकाळी त्या शिल्पकारांनी अंगणात माती, पाणी आणि मुद्दाम बनवून घेतलेला लाकडी साचा मांडला. त्यांचे विद्यार्थी माझ्याकडून शिकायला वह्या उघडून बसले. मी आयुष्यात वीट पाडलेली नव्हती. पहिली साच्यालाच चिकटली, दुसरीचा कोपरा तुटला, तिसरीचा चिखल माझ्या शर्टावर आला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, इतकी मला लाज वाटली.

त्यांनी साचा माझ्या हातातून काढून घेतला. मग दुभाष्यामार्फत विचारलं, त्या दिवशी विटा उभ्या करणाऱ्याचं नाव काय?

महिनाभर ती माझ्या पायाखालची जमीन झाडत होती, आणि तिचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.