दुर्बिणीवर लक्ष ठेवायला

निवृत्त झालो त्या वर्षी मी गच्चीवर पत्र्याची एक खोली करून घेतली. तिचं छप्पर सरकत्या गेटसारखं रुळांवरून बाजूला जातं. तिसगावच्या ज्या फॅब्रिकेशनवाल्याने ती केली, त्याने जन्मभर दुकानांची शटरं आणि बंगल्यांची गेटं केली होती. छप्पर सरकवायला का लागतं हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही, पण काम त्याने चोख केलं. खोलीच्या मधोमध सिमेंटचा खांब आणि त्या खांबावर माझी दुर्बीण. मी त्या खोलीला वेधशाळा म्हणत असे. बायको नुसतं 'वरचं' म्हणे.

आमचं घर गावापासून जरा लांब, शेतात आहे. दिवाळीनंतर आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं ऊसतोडीला गेली की दिवे कमी होतात आणि आकाश असं उघडतं की जेवायचं भान राहत नाही. त्याच दिवसांत, दोन वर्षांपूर्वी, दवाने ओल्या झालेल्या जिन्यावरून मी घसरलो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी काठीशिवाय चालायला लागलो तेव्हा बायकोने एकच अट घातली.

"अंधारात जिना चढायचा नाही. काय करायचं ते खाली बसून करा."

तिचं बरोबर होतं आणि ते जमण्यासारखंही होतं. दुर्बीण लॅपटॉपवरून फिरवता येत होती, फोटो तिच्यावरचा कॅमेराच काढत होता, आणि छपराला मी गेटची मोटर बसवून घेतली. अडचण एवढीच होती की खाली बसून वर काय चाललंय ते कळत नव्हतं. एकदा छप्पर अर्ध्यावर अडकलं आणि दुर्बीण तासभर पत्र्याचे फोटो काढत बसली. दुसऱ्यांदा तिची वायर खांबाला गुंडाळली गेली, ती सकाळी सापडली. तेव्हा ठरवलं, दुर्बिणीवर लक्ष ठेवायला खोलीत एक कॅमेरा लावायचा.

नगरला जाऊन एका दुकानात मी माझी गरज सांगितली. दुकानदाराने 'रात्री' आणि 'लक्ष ठेवायला' एवढे दोनच शब्द ऐकले असावेत. त्याने सगळ्यात नवा कॅमेरा काढला. रात्रीही रंगीत चित्र देतो म्हणाला. कसं देतो ते मी विचारायला हवं होतं. इतकी वर्षं मुलांना प्रश्न विचारायला शिकवलं आणि स्वतः मान डोलावून डबा घेऊन आलो.

संध्याकाळी तो बसवला, अंधार पडल्यावर छप्पर उघडलं आणि दुर्बीण कृत्तिकांकडे वळवली. ती हलल्याबरोबर कॅमेऱ्याला वाटलं चोर आला. त्याचा पांढरा दिवा भक्कन लागला, खोली दिवसासारखी उजळली आणि आतून एक बाई मोठ्या आवाजात हिंदीत सांगायला लागली की तुम्ही कॅमेऱ्याच्या निगराणीत आहात. कुत्री भुंकली. बायको स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि वर कोण बाई बोलतेय म्हणून विचारू लागली. मी म्हटलं, दुर्बिणीला दम देतेय.

तो कॅमेरा परत केला आणि दुसरा आणला. त्याचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, अवरक्त असतो, हे मी या वेळी नीट विचारून घेतलं होतं. पण खोली लहान आणि चारी बाजूंनी पत्रा. तो उजेड पत्र्यावर आपटून परत यायचा आणि मोबाईलवर नुसता पांढरा गोळा दिसायचा, दुर्बीण त्यात कुठेतरी. शिवाय तो माझ्या डोळ्यांना दिसत नसला तरी दुर्बिणीवरच्या कॅमेऱ्याला दिसत होता. मृगातल्या तेजोमेघाचे जे फोटो मी काढत होतो, त्यांवर धुकट राखाडी थर यायला लागला. आठवडाभर मी इंटरनेटवर परदेशातल्या लोकांच्या खोल्या बघत बसलो. त्यांचे कॅमेरे चांगले होते, पण ते इथे मिळत नव्हते.

आमच्या बांधाला बांध लागून माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. आता चाळिशीची आहे. नवरा हंगामात ट्रॅक्टर घेऊन राहुरीकडे कारखान्यावर असतो, म्हणून सात गायींचा गोठा ती आणि तिचे सासरे बघतात. सासऱ्यांना ऐकू कमी येतं. ती दूध द्यायला आली तेव्हा मी तो पांढरा गोळा बघत वैतागलेला होतो. तिने माझ्या खांद्यावरून मोबाईलमध्ये डोकावलं आणि म्हणाली की तिच्या गोठ्यातही पहिल्यांदा असंच झालं होतं. मला तिच्याकडे कॅमेरा आहे हेच माहीत नव्हतं. गाभण गायीसाठी तिने तो लावला होता, म्हणजे थंडीत सारखं उठून बघायला नको.

मग तिने जे विचारलं ते मला दोन्ही वेळा दुकानात कुणी विचारलं नव्हतं, आणि मी स्वतःलाही नाही.

"सर, तुमाला त्यात नेमकं बघायचंय काय?"

मी यादी सांगायला लागलो. दुर्बीण, खांब, वायर, छप्पर, भिंती. तिने ऐकून घेतलं.

"मला गायीचं तोंड न्हाई बघायचं," ती म्हणाली. "ती उभी हाय का बसलीय, आन् फाटक लागलंय का, एवढं कळलं म्हंजी झालं. त्याला लई उजेड कशाला?"

दुपारी तिने मला गोठ्यात नेऊन दाखवलं. अगदी साधा कॅमेरा. त्याच्या तोंडाभोवतीच्या बारीक दिव्यांवर तिने काळी चिकटपट्टी लावली होती आणि एकच दिवा उघडा ठेवला होता. फाटकावर आणि खांबावर रेडियमच्या पट्ट्या होत्या, उसाच्या ट्रॉलीच्या मागे लावतात त्या. त्या इतक्या चमकतात की एवढ्याशा उजेडातही ठळक दिसतात. दोन पट्ट्या जुळल्या की फाटक बंद. तिच्या मोबाईलवर गोठा अंधारात होता, पण जे बघायचं ते लख्ख दिसत होतं.

तिसऱ्यांदा नगरला गेलो तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं होतं. दिवा मोबाईलवरून बंद करता आला पाहिजे, बोलणारी बाई नको, रंग नको. दुकानदाराने सगळ्यात खालच्या फळीवरचा डबा काढला आणि हा नक्की चालेल ना म्हणून विचारलं. मी म्हटलं, हाच हवाय. घरी आल्यावर एक सोडून त्याच्या बाकी दिव्यांवर पट्टी लावली, पुढचा ठिपक्याएवढा निळा दिवाही झाकला. शेजारणीने नवऱ्याच्या ट्रॉलीला लावून उरलेलं रेडियम आणून दिलं. एक पट्टी छपराच्या कडेला, एक भिंतीला, एक दुर्बिणीच्या नळीवर, आणि वायरवर बारीक तुकडे. फोटो चालू असताना कॅमेऱ्याचा दिवा बंद ठेवायचा. मध्येच दोन मिनिटं फोटो थांबवायचे, दिवा लावायचा, पट्ट्या जागेवर आहेत ना बघायचं, परत बंद. फोटोंवरचा राखाडी थर गेला.

त्यानंतर महिन्याभराने शेजारीण बहिणीच्या हळदीला शेवगावला निघाली. एक गाय दिवस भरत आलेली होती, पण अजून आठवडा आहे असं तिला वाटत होतं. तरी जाताना तिने गोठ्याचं चित्र माझ्याही मोबाईलवर दिसेल असं करून दिलं.

"तुमी बसलेलेच असता सर. अधनंमधनं नजर टाका."

त्या रात्री जेवण उरकून मी लॅपटॉप उघडला, मृगाचे फोटो लावून दिले आणि गोठ्याचा मोबाईल बायकोच्या हातात दिला. मला त्यातलं काही कळत नव्हतं. ती मात्र गायीम्हशींच्या घरात वाढलेली. टीव्ही बंद करून ती तो मोबाईलच बघत बसली. साडेनऊच्या सुमारास म्हणाली की गाय सारखी ऊठबस करतेय. थोड्या वेळाने तिने चष्मा पुसला, मोबाईल जवळ धरला आणि उभी राहिली.

"अहो, वासराचा एकच पाय बाहेर आलेला दिसतोय. दोन दिसायला पाहिजेत. चला."

सासऱ्यांना फोन केला, उचलला नाही. शेजारणीला केला, तिकडे वाजंत्री चालू होती. आम्ही बॅटरी घेऊन बांधाने निघालो. बायको पुढे, मी गुडघा सांभाळत मागे. सासऱ्यांना हलवून उठवलं. त्यांनी गायीकडे एकदा बघितलं आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. माझ्याकडे बॅटरी धरायचं काम होतं. बायको गायीच्या डोक्याशी बसून तिच्या कपाळावरून हात फिरवत, तिच्याशी हळू बोलत राहिली. म्हाताऱ्यांनी हात आत घालून दुमडलेला पाय सरळ केला. मग बायकोही मागे आली आणि दोघांनी मिळून, गायीने जोर दिला की ओढायचं, नाहीतर थांबायचं, असं करत वासरू बाहेर काढलं. कालवड होती. म्हाताऱ्यांनी तिचं नाक साफ केलं, ती शिंकली, आणि बायको गुडघ्यांवर हात ठेवून हसायला लागली. तिला असं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारणीचा फोन आला. तिने हळदीच्या मांडवातून मोबाईलवर गोठा उघडला होता आणि तिला त्यात आम्ही तिघं दिसत होतो. गाय कशी आहे, ती एकसारखी विचारत होती. बायकोनेच तिला सांगितलं, सगळं ठीक आहे, तू जेव.

घरी आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. वेधशाळेचा दिवा लावून बघितलं, पट्ट्या जिथल्या तिथे होत्या. अडीच तास दुर्बिणीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं आणि ती आपलं काम करत राहिली होती. त्या रात्रीचा तेजोमेघाचा फोटो मी आजवर काढलेल्यांत सगळ्यात स्वच्छ आला आहे.

दुसऱ्या दिवशी शेजारीण चिकाची कासंडी घेऊन आली. बायकोने खरवस केला, वेलदोडा जरा जास्तच टाकला. खाताना शेजारीण लॅपटॉपवरचा फोटो बराच वेळ बघत होती. तो ढग केवढा मोठा आहे ते मी तिला सांगायला लागलो, तशी बायकोने मला थांबवलं आणि आधी वाटी संपवा म्हणाली.