डोळ्यावरचं कुंकू

खंडेनवमीच्या आधीचा सोमवार. रक्कम एक लाख चाळीस हजार; निम्मी त्याच दिवशी, निम्मी तीन महिन्यांनी. हजर चौघं: दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, मी, आमचे मेस्त्री आणि संगणकाचा माणूस.

अंबडच्या एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी लेथ. त्यातल्या एकावर आम्ही एका मोठ्या कंपनीसाठी लोखंडी बुश, म्हणजे छोट्या जाड नळ्या, करतो. दादा मशीन बघतो, मी हिशोब आणि पत्रव्यवहार. बुशचं काम दुसऱ्या पाळीत चालतं आणि ती पाळी मेस्त्रींची. घोटीहून रोज दुपारी येतात, चौदा वर्षं झाली. कंपनीचं म्हणणं होतं की मशीनवर किती माल निघतो हे त्यांना त्यांच्या पडद्यावर थेट दिसलं पाहिजे, नाहीतर पुढचं काम विसरा. बुश गेले तर दुसरी पाळी बंद, आणि पाळी बंद तर मेस्त्री घरी. एवढं साधं गणित होतं.

म्हणून त्या सोमवारी संगणकाच्या माणसाने, मशीनमधून माल खाली येतो त्या घसरगुंडीशी एक बारीक डोळा बसवला. बुश खाली पडला की डोळा मोजणार, आकडा आमच्या टीव्हीवर आणि कंपनीच्या पडद्यावर एकदमच जाणार.

"आता तुमचा कारखाना बोलेल," तो म्हणाला.

"इतकी वर्षं आम्ही बोलायचो," दादा म्हणाला, "आता मशीन बोलणार आणि आम्ही ऐकायचं."

खंडेनवमीला मशीन बंद ठेवून पूजा करतो. आदल्या दिवशी सगळी पुसून लख्ख करायची, झेंडूचे हार, हळद-कुंकू, नारळ, पेढे. पूजा नेहमी मेस्त्रींच्या हातची. त्यांनी लेथला कुंकू लावलं, ग्राइंडरला लावलं, अगदी पान्यांनाही लावलं. मग नव्या डोळ्यापाशी थांबले.

"लावा, लावा," दादा म्हणाला. "आता सगळं त्याच्यावरच आहे."

"नवीन पाव्हना हाय, आधी त्याचाच मान व्हता खरं तर," म्हणत मेस्त्रींनी ओलं कुंकू बोटभर घेतलं आणि डोळ्यावर मधोमध टेकवलं. आम्ही सगळ्यांनी नमस्कार केला.

पूजेचं कुंकू आमच्याकडे कुणी पुसत नाही. कामाच्या तेलाने ते आपोआप जातं, तेवढे दिवस राहू द्यायचं.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू झाली, मेस्त्रींनी नेहमीसारखा माल काढला आणि वहीत लिहिला. पुढच्या सकाळी मी ऑफिस उघडलं तर टीव्हीवर लाल शून्य. संगणकाच्या माणसाला फोन केला. "नेट असेल साहेब. राउटर बंद करून चालू करा." केलं. नेट आमच्याकडे रोज जातंच. संध्याकाळी मेस्त्रींनी पुन्हा तेवढाच माल काढला. पुन्हा शून्य.

तिसऱ्या दिवशी टेम्पो भरून मी स्वतः कंपनीच्या गेटवर गेलो. माल आत घेणाऱ्या माणसाने चलन बघितलं, पडदा बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"काका, तुमचं उत्पादन शून्य दाखवतंय. हा माल आला कुठून?"

मी एक बुश त्याच्या हातात ठेवला. "वजन बघ बाबा. लोखंड आहे."

"लोखंड दिसतंय हो. एंट्री दिसत नाही. एंट्रीशिवाय पावती निघतच नाही."

टेम्पो भरलेलाच परत आणला. दुपारी संगणकाचा माणूस आला. त्याने मशीनभोवती एक चक्कर मारली, वाकून बघितलं आणि खिशातून रुमाल काढून डोळा पुसला. रुमालावर लाल डाग आला. त्याने बोट घसरगुंडीतून फिरवलं, टीव्हीवर लगेच हिरवा एक आला.

मेस्त्री नुकतेच डबा ठेवून आत आले होते. तो हिरवा एक बघत राहिले.

"म्हंजे माजंच कुंकू आडवं आलं."

"आपण सगळ्यांनीच नमस्कार केला होता," दादा म्हणाला.

"ते हाय. पन शेठ, एवढा शहाना डोळा, आन् 'मला दिसत नाय' एवढं सांगता आलं नाय त्याला? सरळ शून्य म्हनतो?"

संगणकाचा माणूस रुमालाची घडी घालत राहिला.

तोवर उशीर झाला होता. सणाच्या सुट्ट्या सोडून सलग दोन दिवस शून्य दिसलं की काम आपोआप दुसऱ्या पुरवठादाराकडे वळतं, असा कंपनीच्या अटींत नियम होता. सकाळीच वळलं होतं. कंपनीतले जे साहेब आम्हाला वर्षानुवर्षं ओळखतात त्यांना मी फोन केला. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं.

"मला पटतंय हो सगळं," ते म्हणाले. "पण हे मी केलेलं नाही, सिस्टिमने केलंय. आणि उलट फिरवायचं बटण आमच्या कुणाकडेच दिलेलं नाही. तुम्ही अर्ज टाका."

अर्ज टाकला. फोटो जोडले, वहीची पानं जोडली. उत्तर मिनिटाभरात आलं: अर्ज मिळाला, या मेलला उत्तर देऊ नये. दर आठवड्याला पाठवत राहिलो, दर वेळी तेच उत्तर. मी गंगापूर रोडच्या घरी जेवताना एकदा बायकोला म्हणालो, भांडायला समोर माणूस तरी हवा. ती म्हणाली, "मग त्या डोळ्याशी भांडा."

दिवाळीनंतर तो परत आणलेला माल एका ओळखीच्या माणसाने कमी भावात उचलला. दुसरी पाळी आठवड्यातून तीन दिवसांवर आली, मग एकावर. दादा रोज म्हणायचा, पहिल्या पाळीत बसवू मेस्त्रींना. पण तिथे एक माणूस आधीच होता आणि काम दोघांपुरतं नव्हतं. शेवटी मेस्त्रींनीच विषय काढला.

"शेठ, तुमच्यानं बोलवत नाय, म्हनून मीच बोलतो. भाताची सोंगनी झाली, घरी काम हाय. हिशोब करा."

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी हिशोब केला. निघताना मेस्त्रींनी लेथच्या डोक्यावर नेहमीसारखा हात ठेवला. तोच हात खाली डोळ्याकडे गेला आणि वीतभर अलीकडे थांबला. त्यांनी तो पँटला पुसला.

डोळा अजून चालू आहे. रोज खरं शून्य पाठवतो.

डिसेंबरच्या त्या शेवटच्या दिवशी दिलेली रक्कम अशी. संगणकाच्या माणसाला उरलेले सत्तर हजार, करारात तारीख तीच होती आणि यंत्रात दोष नव्हता. मेस्त्रींना ग्रॅच्युइटी, महिन्याचा पगार आणि शिल्लक रजा धरून एक लाख त्र्याहत्तर हजार सहाशे.