सूचक कोण, अनुमोदक कोण?

मी पत्रकं लिहिते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या एका पत्रकाचाही हात होता. दुकानाची पाटी मराठीत लावा, गिऱ्हाइकाशी मराठीत बोला, हे सांगत मीरा रोडच्या शांती नगरात सेक्टर-सेक्टर फिरणारा आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. फिरायला सगळेच असतात, मजकूर मात्र माझा. माझं सगळ्यांत गाजलेलं वाक्य असं: ‘इथे राहायचं तर इथली भाषा आलीच पाहिजे, येत नसेल तर रस्ता मोकळा आहे.’ लोकांनी ते स्टेटसला ठेवलं. मलाही ते फार आवडायचं.

गेल्या वर्षी आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये एक नवरा-बायको राहायला आले. मोझांबिकहून, म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून. नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन इथल्याच एका हॉस्पिटलात झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन आठवडे जवळ राहा, तपासणीला या, मी हो म्हटल्यावरच विमानात बसायचं. हॉस्पिटल आमच्या बिल्डिंगपासून दहा मिनिटांवर. लिफ्टपासून दारापर्यंत येतानाही तो माणूस दोनदा थांबायचा. बाई पन्नाशीची, ठेंगणी, डोक्याला रंगीत कापड घट्ट गुंडाळलेलं. तिला पोर्तुगीज यायची आणि तिच्या घरची भाषा. इंग्रजी अगदी नावापुरतं, गुड मॉर्निंग आणि थँक यू.

बिल्डिंगने पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलं. नायजेरियन. देश कुठलाही असो, आमच्याकडे काळा माणूस म्हणजे नायजेरियन आणि नायजेरियन म्हणजे भानगड. ती लिफ्टमध्ये शिरली की बाहेर उभ्या बायकांना अचानक आठवायचं, अगं, पर्स वरच राहिली. वॉचमन बाकी कुणाला मान वर करून बघत नाही, पण ही भाजी आणायला गेली तरी वहीत वेळ लिहायचा. जातानाची वेगळी, येतानाची वेगळी.

आणि हीच बिल्डिंग बरं का. दोन वर्षांपूर्वी चौथ्या मजल्यावरच्या लग्नाला जर्मनीहून दोन पाहुणे आले होते. त्यांनाही ना मराठी येत होती, ना हिंदी. आमच्या सेक्रेटरी काकांनी त्यांच्या हातात गणपतीच्या आरतीचं तबक दिलं होतं. पुरणपोळी कशी खायची हे दाखवायला सहा जणी धावल्या होत्या. कागद कुणी मागितला? कुणी नाही. रस्ता मोकळा आहे असं कुणी म्हटलं? मीही नाही. मी फोटोत दुसऱ्या रांगेत उभी आहे.

मला त्या बाईचा पहिला राग आला, तोही सांगते. तळमजल्याच्या डेअरीत ती दुकानदारासमोर मोबाइल धरून उभी होती. त्यावर भाषांतर करणारं ॲप होतं. दुकानदार स्क्रीनकडे बघतच नव्हता, नुसता हात हलवत होता, नो, नो, आगे जाओ. मी मध्ये पडले. माझ्या तोंडून काय निघावं? “आपको क्या चाहिए?”

तिने माझ्याकडे बघितलं. मी आवाज चढवला. “क्या चाहिए आपको?” मोठ्याने हिंदी बोललं की मोझांबिकच्या माणसालाही कळते, अशी आपली एक श्रद्धा आहे. मग वैतागले, हिला एवढंही कळत नाही का! आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी, जी रोज चाळीस दुकानांत मराठीचा आग्रह धरते, तीच मी समोर परका माणूस दिसला की विचार न करता हिंदी सुरू करते. भाजीवाल्याशी, शेजाऱ्याशी, आणि जिला हिंदीचं अक्षर येत नाही तिच्याशीसुद्धा. पत्रकात मी या सवयीला लाचारी म्हटलं होतं. त्या दिवशी ती माझ्याच तोंडात सापडली.

मी तिचा मोबाइल घेऊन वाचला. तिने मराठी निवडली होती. लिहिलं होतं: ‘कृपया मला आंबट दूध प्रदान करावे.’

“दही द्या हो त्यांना,” मी म्हटलं. “अर्धा किलो.”

तिला आमच्या घरी मी आणलं नाही, ती आईला भेटली आमच्या दारात. आम्ही मूळचे रत्नागिरीचे. आईला बोलायला माणूस लागतं, मग त्या माणसाला कळो न कळो. पहिले दोन दिवस तीही हिंदीतून ओरडत होती. तिसऱ्या दिवशी ऐकते तर आई तिच्याशी सरळ मराठीत गप्पा मारतेय. कुळीथ कसे भाजायचे, गुडघे कसे दुखतात, सगळं.

“आई, तिला काय कळतंय?”

“नाहीच कळत. हिंदी पण कळत नाही, मराठी पण कळत नाही. मग मी माझ्या भाषेत बोलते. निदान मी काय बोलतेय ते मला तरी कळतं!”

बाई हसत होती. तिने आईच्या हातातून परात घेतली आणि कुळीथ निवडायला बसली.

आठवडा झाला आणि नोटीस बोर्डवर कागद लागला. खालच्या फ्लॅटमधल्या परदेशी व्यक्तींनी रविवारपर्यंत जागा सोडावी, त्याबाबत रविवारी सकाळी अकरा वाजता मीटिंग. मी तडक सेक्रेटरी काकांकडे गेले. ते रायगडचे, आमच्या कामाला उघड पाठिंबा देणारे, मला लहानपणापासून बाळा म्हणणारे.

“काका, त्या माणसाचं ऑपरेशन झालंय. दोन आठवडे राहिलेत. कुठे जातील?”

“ते आपण बघायचं का बाळा? त्यांचा पोलिसांत फॉर्म भरलाय की नाही कुणाला माहीत. उद्या काही झालं तर मला विचारतील.”

“मग घरमालकाला विचारा ना.”

“आणि तू कुणाची बाजू घेतेस?” त्यांनी टेबलाच्या काचेखालून कागद काढला. माझंच पत्रक. “इथे राहायचं तर इथली भाषा आलीच पाहिजे. येत नसेल तर रस्ता मोकळा आहे. हे तूच लिहिलंस ना? आम्ही तेच करतोय.”

मी पत्रक काचेखाली परत सरकवलं आणि निघाले.

घरी येऊन मी सुचलेलं सगळं लिहून काढलं. नवीन पत्रक, मथळा ‘शेजाऱ्यांनो, लाज वाटते का?’ शंभर प्रती काढून प्रत्येक दारात टाकायच्या होत्या. आईने चष्मा लावून पूर्ण वाचलं.

“छान शिव्या घातल्यास. हे वाचून दार कोण उघडणार?”

“सत्य आहे ते.”

“असू दे. त्या बाईला विचारलंस? तिचं नाव घेऊन बिल्डिंगभर कागद वाटणार, उद्या तुझ्यावरचा राग लोक कुणावर काढणार? तुझ्यावर?”

मी खाली गेले. दार उघडल्यावर आत बॅग भरलेली दिसली. नोटिशीचा फोटो काढून तिने ॲपवर वाचला होता. मोबाइलवर मी विचारलं, कुठे जाणार. तिने लिहिलं, माहीत नाही. मग थांबून आणखी लिहिलं: ‘चार जागांनी नाही म्हटले. ही पाचवी जागा होती. डॉक्टर म्हणतात प्रवास करू नका. मी त्याला कुठे झोपवू?’

आतल्या खोलीत तो छातीला उशी धरून खोकत होता. टाके ताणू नयेत म्हणून ऑपरेशननंतर तसं खोकायला सांगतात.

शंभर प्रती मी काढल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून भाईंदर पूर्वेला खारी गावात गेले. फ्लॅटचे मालक तिथले. पूर्वी त्यांच्या घरची भातशेती होती, मिठागरात वाटा होता. आता चारी बाजूंनी इमारती आणि मधे त्यांचं बैठं घर. जाताना मी मनात भांडण पाठ करत होते. परदेशी माणूस उतरवला की चोवीस तासांत पोलिसांच्या परदेशी नागरिक विभागाला ऑनलाइन कळवायचं, हा कायदा. तो यांनी मोडला असणार, भाड्याच्या लोभात. दारातच सुरू केलं.

म्हातारबाबांनी शांतपणे ऐकलं. मग आत हाक मारली, “सूनबाय, त्यो कागद आन गं.”

प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळं होतं. फॉर्म, पासपोर्टची प्रत, मेडिकल व्हिसा, हॉस्पिटलचं पत्र. ती आली त्याच दिवशीची तारीख.

“हाय ना कागद. सुनेनी भरलाय. कोनी मागितलाच न्हाय, तं दाखवू कोनाला?”

मी तरी कुठे मागितला होता? आरोप मात्र घरून तयार करून आणला होता.

“पोरी, चा घे,” ते म्हणाले. “लय चिडतंस तू.”

“रविवारी मीटिंगला याल?”

“मना कोन ऐकतंय थय? पन येतो.”

रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या होत्या. तीसेक माणसं. काकांनी मीटिंग सुरू केली, अर्थात हिंदीत. मी मराठीत बोलले आणि फोल्डर पुढे केलं. ते हातोहात फिरलं. फॉर्म खरा आहे हे सगळ्यांनी वाचलं. कारण गेलं होतं, पण इच्छा तशीच होती.

“देखो बेन,” दुसऱ्या मजल्यावरचे शेठ म्हणाले, “हमको कोई प्रॉब्लेम नहीं. लेकिन ये फॅमिलीवाली बिल्डिंग है.”

“नवरा-बायको आहेत. अजून किती फॅमिली पाहिजे?”

“त्यांच्या जेवणाचा वास येतो,” मागून एक काकू.

“काकू, तुमच्याकडे बुधवारी सुके बोंबील भाजले की पाचव्या मजल्यापर्यंत कळतं.”

लोक हसले. काकूही ओशाळून हसल्या.

“ते सगळं ठीक आहे,” काका म्हणाले. “बहुमत काय म्हणतंय ते बघू. हात वर करा.”

हात वर गेले असते. पटापट गेले असते, मला दिसत होतं. गर्दीत हात वर करायला काही लागत नाही. मी उभी राहिले.

“हात नको, काका. ठराव लेखी घ्या. मी लिहिते, मला सवय आहे. सूचक तुम्ही का? आणि अनुमोदक कोण? दोघांची नावं, फ्लॅट नंबर, सही. खाली कारण.”

वही मी हातावर घेतली आणि मोठ्याने वाचत लिहू लागले: “सदर महिला ऑपरेशन झालेल्या पतीसह राहत असून त्यांची सर्व कागदपत्रं पोलिसांकडे नोंदवलेली आहेत. तरीही त्यांनी जागा सोडावी, कारण...”

मी थांबले. “काय लिहू?”

“असं नको लिहूस,” काका म्हणाले.

“मग कसं लिहू? सांगा ना. शेठ, तुम्ही सांगा. काळे आहेत म्हणून, असं लिहू? भाषा येत नाही म्हणून? ते लिहायचं तर ते वाक्य माझं आहे, मीच लिहिलेलं. मग खाली मीही सही करायला पाहिजे. मी करणार नाही. ज्याला करायचीय त्याने पुढे या.”

आमच्या सोसायटीला मी आयुष्यभर ओळखते. लिफ्ट बंद पडते तेव्हा बोलायला पन्नास माणसं असतात, तक्रारीच्या अर्जावर सही करायला एकही नसतो. वाईटपणा नको, उगाच आपलं नाव नको. या सवयीला मी किती शिव्या घातल्यात. त्या सकाळी मी तिचाच आधार घेतला. पेन पुढे धरून मी उभी राहिले, आणि कुणीही ते घेतलं नाही. शेठना फोन आला. काकूंना गॅसवरचं दूध आठवलं. खारीचे बाबा कोपऱ्यात बसून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते.

“बरं,” काका शेवटी म्हणाले. “दोन आठवडे राहिलेत म्हणालीस ना? तेवढे राहू दे. पुढचं पुढे.”

“हेही वहीत लिहा.”

त्यांनी लिहिलं. मराठीत लिहिलं. सही केली.

यात कुणाचं मन बदललं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशीही लिफ्टपाशी पर्सा आठवतच होत्या. आमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत मी ते वाक्य पत्रकातून काढायला सांगितलं, त्यावर दोन तास भांडण झालं. तू नरम पडलीस, म्हणाले. मी नरम पडले नाही. जो तीस वर्षं इथे दुकान चालवतो, गल्ला भरतो आणि आमच्या म्हाताऱ्यांना हिंदी बोलायला लावतो, त्याच्याकडे मी मराठीच मागणार, उद्याही, परवाही. पण आजारी नवऱ्यासाठी दही मागायला आलेल्या बाईकडे भाषेची परीक्षा मागायची नसते. हा फरक मी मजकुरात केला नव्हता, म्हणून तो मजकूर काकांच्या काचेखाली नोटिशीचं काम करत होता. पुढच्या छपाईत ते वाक्य नव्हतं. दोघे गट सोडून गेले. जाऊ देत.

पण ते नंतरचं. मीटिंग सुटल्यावर मी आधी त्या बाईच्या घरी गेले होते. आई माझ्या पुढे पोचली होती आणि तिला मराठीत सगळी हकिकत सांगत होती, सूचक, अनुमोदक, बोंबील, सगळं. बाई आईच्या तोंडाकडे बघत होती आणि काहीच कळत नव्हतं. मी मोबाइल काढायच्या आधीच ती भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. आजच्या तारखेवर बोट ठेवलं, आज निघायचं का अशा नजरेने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही. तिने बोट पुढे सरकवलं, एकेक दिवस, प्रत्येक दिवसावर थांबून, माझ्याकडे बघत. डॉक्टरांनी सांगितलेल्या, पेनाने गोल केलेल्या तारखेपर्यंत बोट गेलं तोवर मी नकाराची मान हलवतच होते, तिथे मात्र होकाराची.

तिने आतल्या खोलीकडे तोंड करून काहीतरी सांगितलं. उत्तर आलं, मग खोकला. तिने दाराशी ठेवलेली बॅग ओढत आत नेली, चेन उघडली, आणि त्याच्या औषधांच्या पट्ट्या एकेक करून पुन्हा खिडकीत मांडायला लागली.