पाचव्या प्रकरणातल्या शेळ्या

मी नक्की काय काम करते हे सासरच्या माणसांना समजावून सांगणं मी केव्हाच सोडून दिलंय. लग्नाआधी मी मुंबईत एका कस्टम एजंटच्या ऑफिसात होते. नवऱ्याची नोकरी बारामतीत, म्हणून इकडे आले, आणि काम माझ्या मागोमाग आलं, कारण ते आता सगळं कॉम्प्युटरवरच चालतं. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला सरकारने एक नंबर ठरवलेला असतो. त्या नंबरावरून कर ठरतो, परवानग्या ठरतात. कुठली वस्तू कुठल्या नंबरात बसते ते बघून तशी कागदपत्रं करायची, एवढंच माझं काम. पण लग्नकार्यात कुणी विचारलं आणि मी हे सांगितलं, की समोरची बाई शांतपणे ऐकून घेते आणि मग हळूच म्हणते, "मग दुबईवरनं मोबाइल स्वस्तात मिळंल का?"

त्यामुळे माझ्या नवऱ्याचे चुलते, शेळगावचे तात्या, एका सकाळी दारात उभे राहून "सूनबाई, तुमच्याकडंच काम हाय," म्हणाले, तेव्हा मी मनातल्या मनात मोबाइलचं उत्तर तयार ठेवलं होतं. पण तात्यांना शेळ्या आणायच्या होत्या, त्याही ऑस्ट्रेलियातून.

तात्यांनी इंदापूर तालुक्यात शेळ्या पाळणाऱ्यांचा एक गट बांधलाय. गटात बहुतेक बायका, आणि अध्यक्ष तात्या. आपल्याकडच्या काळ्या शेळीला म्हणावं तसं वजन येत नाही, हे त्यांचं जुनं दुखणं. त्यावर त्यांनी बोअर नावाची परदेशी जात शोधून काढली होती. सोबत गटाच्या डॉक्टर होत्या, जनावरांच्या. त्यांनी नीट सांगितलं. जिवंत शेळ्या आणणं गटाला झेपण्यासारखं नव्हतं. म्हणून त्या जातीचे गर्भच आणायचे, बारीक नळ्यांमध्ये गोठवलेले. अतिथंड, पातळ केलेल्या नायट्रोजनच्या डब्यातून ते विमानाने येणार, आणि इथे आपल्या गावठी शेळ्यांच्या पोटात छोटं ऑपरेशन करून सोडायचे. केंद्राची परवानगी आली होती. राहिलं होतं ते फक्त माझं काम.

"बिनपायाच्या शेळ्या हायेत म्हणा की," तात्या म्हणाले आणि खूश होऊन त्यांनी चहा मागितला.

मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. आयातीच्या यादीत पहिलं प्रकरण जिवंत जनावरांचं. दुसरं मांसाचं. मग मासे, मग दूध, अंडी, मध. आणि यातल्या कशातच न बसणारं जे काही जनावरापासून मिळतं, केस, हाडं, शिंगं, आतडी, ते सगळं पाचव्या प्रकरणात. गर्भ बसतो तिथे. मी नंबर काढला आणि सवयीने पुढचं वर्णन मोठ्याने वाचलं, कारण कागदावर सही तात्यांची लागणार होती. त्या एकाच नंबराखाली दोन गोष्टी लिहिलेल्या आहेत: इतरत्र न मोडणारे प्राणिजन्य पदार्थ, आणि खाण्यालायक नसलेली मेलेली जनावरं.

तात्यांनी कप खाली ठेवला.

"मेलेली?"

"तात्या, ते वेगळं. आपला माल त्यातल्या पहिल्या भागात येतो."

"पर नंबर त्योच?"

"सुरुवातीचे आकडे तेच."

"मग न्हाय. माझी पिल्लं मेलेल्या जनावरांत घालायची न्हाईत. पयल्यात घाला. जित्त्या जनावरांत."

मी समजावलं. जिवंत जनावर म्हणजे चालतंबोलतं जनावर. त्याला विमानतळावर क्वारंटाईनमध्ये ठेवतात, त्याच्या कानातला बिल्ला तपासतात. डॉक्टरांनीही समजावलं. तात्यांचं एकच, "जित्तं न्हाय तर मग वाढणार कसं? मेलेलं वाढतंय व्हय?" त्यांचं चूक नव्हतं, आणि यादी त्यांनी केलेली नव्हती. शेवटी मी म्हटलं, "तात्या, हा नंबर तुमच्या शेळ्यांचं भविष्य नाही, कस्टमची सोय आहे." त्यांनी सही केली, पण उरलेला चहा तसाच ठेवून निघून गेले.

डबा ऑस्ट्रेलियातून निघाला, मुंबईला उतरला. मी कागदपत्रं कॉम्प्युटरवर चढवली. हल्ली ही कागदपत्रं तपासणारा अधिकारी कुठल्या शहरात बसलाय हे आपल्याला कळत नाही. तो स्क्रीनवर प्रश्न टाकतो, आपण स्क्रीनवर उत्तर द्यायचं. पहिला प्रश्न आला: माल गोठवलेलं शेळीचं मांस असताना कत्तलखान्याचा दाखला का जोडलेला नाही?

मी प्रश्न परत परत वाचला. मग विमान कंपनीची पावती उघडली. तिकडच्या एजंटाने वर्णनाच्या रकान्यात "गोठवलेले, शेळी" एवढंच लिहिलं होतं. गर्भ हा शब्द पुढे गाळला होता, जागा पुरली नसावी म्हणून. मी उत्तर लिहिलं, परवानगीची प्रत जोडली, पशुवैद्यकीय दाखला जोडला, आणि वाट बघत बसले.

इकडे शेळगावात वेगळाच गोंधळ सुरू होता. ज्या शेळ्यांच्या पोटात गर्भ सोडायचे, त्या सगळ्यांना डॉक्टरांनी इंजेक्शनं देऊन एकदम माजावर आणलं होतं. ऑपरेशनची तारीख त्यावरून पक्की झाली होती, आणि ऑपरेशनच्या आधी शेळी उपाशी ठेवावी लागते. गटातल्या ज्या काकूंच्या गोठ्यात हे सगळं होणार होतं, त्यांचा मला सकाळीच फोन आला.

"ताई, शेळ्या उपाशी ठिवू का चारू?"

"मला कसं सांगता येईल? डॉक्टरांना विचारा."

"डॉक्टर म्हणत्यात, डबा कवा यील ते तुमाला इचारा."

डबा कधी येईल ते मला स्क्रीन सांगणार होती, आणि स्क्रीन गप्प होती. मी म्हटलं, "आज चारा घाला." दुपारी वाटलं सुटेल, म्हणून फोन करून सांगितलं, घालू नका. संध्याकाळी काकूंचा परत फोन. फोनमधून शेळ्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता. काकूंनी फोन सरळ शेळ्यांकडे धरला असावा. "घाला, घाला," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मांस नसल्याचं मान्य. पण मग प्रश्न असा, की गर्भ म्हणजे शेळीच असल्याने माल जिवंत शेळ्यांच्या नंबरात का घेऊ नये? आणि तसं असल्यास प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर द्यावा.

मी खुर्ची मागे सरकवून स्वयंपाकघरात गेले आणि काही कारण नसताना सगळे डबे पुसून काढले. कान तयार व्हायला अजून किती वेळ होता, हे त्या माणसाला कसं लिहायचं? सरकारी भाषेत? मी एक उत्तर लिहिलं, त्यात राग दिसत होता, ते पुसलं. दुसरं लिहिलं. त्यात नम्रपणे म्हटलं की सदर मालास कान नाहीत.

सगळ्यात वाईट तात्यांचा फोन होता. झालेला सगळा प्रकार त्यांनी ऐकून घेतला, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "म्हंजी त्यो सायबबी म्हणतोय जित्तं हाय. तुमीच तेवढं न्हाय म्हणताय."

डॉक्टरांनी मात्र वेगळीच काळजी बोलून दाखवली. डब्यातला नायट्रोजन हळूहळू उडत असतो. डबा उभा असला तर तो बरेच दिवस टिकतो, आडवा झाला तर झपाट्याने उडतो. विमानतळावर डबा कसा ठेवलाय, कुणी बघितलंय का? कुणीच बघितलं नव्हतं. आमच्या मुंबईच्या ऑफिसातल्या मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, माल कोल्ड स्टोरेजमध्ये आहे, मांसाच्या.

आम्ही तात्यांच्या बोलेरोतून निघालो. मी, डॉक्टर आणि तात्या. इंदापूरचे कुणी ओळखीचे डॉक्टर कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजन बाळगतात, त्यांच्याकडून एक भरलेला डबा आणून मागे बांधला होता. वाटेत एका ठिकाणी मी चहासाठी थांबूया का विचारलं, तर म्हणाले, "तुमी प्या. मी गाडीत बसतो, डब्यापाशी."

विमानतळाच्या गोदामात ओळखपत्रं, नोंदी, परत नोंदी होऊन आत जायला दुपार झाली. कोल्ड स्टोरेजच्या माणसाने जाड दार उघडलं. दोन्ही बाजूंना मांसाची खोकी रचलेली होती, आणि त्यांच्या मधल्या फटीत आमचा डबा होता. आडवा. वर बाण काढून उभा ठेवा असं लिहिलेला कागद भिंतीकडे तोंड करून होता.

तात्या पुढे झाले आणि त्यांनी डबा उचलून उभा केला. गोदामाचा माणूस म्हणाला, हात लावायचा नाही. तात्यांनी हात काढला नाही. डबा धरून ते तसेच उभे राहिले, त्या थंडीत, पातळ सदऱ्यावर. मी त्या माणसाशी भांडले. माझा आवाज एवढा चढतो हे मला माहीत नव्हतं. गेल्या कित्येक दिवसांचं सगळं त्या बिचाऱ्यावर निघालं, आणि त्याचा त्यात काही दोष नव्हता, डबा त्याने ठेवलाही नसेल.

आवाज ऐकून तपासणीचा अधिकारी आला. वयाने मोठा, गळ्यात मफलर. त्याच्या हातात स्क्रीनवरच्या अधिकाऱ्याचा आदेश होता: माल उघडून बघावा आणि नेमका काय आहे ते कळवावं.

"उघडा," तो म्हणाला.

"उघडतो," डॉक्टर म्हणाल्या, "पण नळी बाहेर काढता येणार नाही. बाहेरची हवा लागली की गर्भ संपला."

"मग मी बघणार काय?"

"वरून डोकवा."

झाकण काढलं. आतून पांढरा धूर वर आला आणि डब्याच्या काठावरून खाली सांडला. अधिकाऱ्याने वाकून बघितलं. नळ्यांची टोकं दिसत होती, रंगीत, काडेपेटीतल्या काड्यांहून बारीक. डॉक्टरांनी आत काठी घालून पातळी मोजली आणि माझ्याकडे बघितलं. थोडाच नायट्रोजन उरला होता.

"यात शेळ्या आहेत?" अधिकाऱ्याने विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तात्या माझ्या आधी बोलले.

"न्हाईत, सायेब," ते म्हणाले. थंडीने त्यांचे दात वाजत होते. "शेळ्या न्हाईत. मांसबी न्हाय. नंबर पाचव्यातलाच हाय, सूनबाईंनी घातलाय त्यो. तेवढा लिवा आन् आमाला नायट्रोजन घालू द्या."

अधिकारी चांगला माणूस निघाला. त्याने तिथेच नायट्रोजन भरायची परवानगी दिली, बाहेर जाऊन अहवाल लिहिला, आणि कुठल्याशा शहरातल्या त्या दुसऱ्या अधिकाऱ्याला स्वतः फोन केला. संध्याकाळपर्यंत माल सुटला. गाडीत बसल्यावर तात्यांनी अंगावर चादर घेतली आणि म्हणाले, "तुमी लई जोरात बोलला त्या गड्याला." मला रडू येत होतं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं.

शेळगावात पोचलो तेव्हा शेळ्यांची वेळ टळून गेली होती. सगळ्यांना परत इंजेक्शनं द्यावी लागली, परत वाट बघावी लागली. गटातल्या दोघी वैतागून आपल्या शेळ्या घेऊन गेल्या. परत उपाशी ठेवायची तयारी नाही, म्हणाल्या, आणि मला त्यांचं पटलं. राहिलेल्या शेळ्यांची ऑपरेशनं झाली. काही नळ्या उबेवर आणल्यावर डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून बघून बाजूला ठेवल्या. त्या गेल्या होत्या. डबा आडवा पडल्यामुळे गेल्या, की तशाही गेल्या असत्या, ते त्या सांगू शकल्या नाहीत.

पाच महिन्यांनी काकूंचा फोन आला. मी दचकले, वाटलं आता परत काय विचारतात. "या ताई बघायला," एवढंच म्हणाल्या.

गोठ्यात काळ्याभोर शेळीखाली दोन करडं पीत होती, अंगाने पांढरी, डोकी तांबूस विटकरी. लांब कान दोन्ही बाजूंना पडलेले. शेळी त्यांना चाटत होती. आणखी दोन-तीन घरी तशीच करडं झाली होती. बाकीच्या शेळ्यांना गर्भ लागले नव्हते. लागले नाहीत त्यांत तात्यांच्या स्वतःच्या सगळ्या शेळ्या होत्या.

तात्या काकूंच्या ओट्यावर बसले होते, गोठ्याकडे पाठ करून. बाकी सगळे आत करडं बघायला जमले, तरी ते उठले नाहीत. मी बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसले. वाईट वाटतंय का, असं विचारायचं होतं, पण त्यांना असलं काही विचारलेलं आवडत नाही.

"वजन किती भरलं?" त्यांनी रस्त्याकडे बघत विचारलं.

"बघितलं नाही कुणी."

"मग आत काय तोंडं बघताय सगळी?" ते करवादले. उठले, दाराआड टांगलेला ताणकाटा काढला, आणि गोठ्यात जाऊन सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. एक करडू त्यांनी फडक्याच्या झोळीत घालून काट्याला अडकवलं. ते ओरडायला लागलं, शेळी त्यांच्या गुडघ्याला ढुशा द्यायला लागली. तात्या चष्मा वर करून काट्यावरचा आकडा वाचत राहिले.