पांढऱ्या गाडीचे लाईट चालू आहेत

माझ्या गाडीचे पुढचे लाईट दिवसाढवळ्या चालू असतात आणि ते चालूच राहणार आहेत. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे वाचता वाचता कुणी मला कळवायच्या भानगडीत पडायला नको.

नव्या गाड्यांना पुढे पांढरी पट्टी असते बघा. इंजिन सुरू झालं की ती आपोआप पेटते, भर उन्हातसुद्धा. ती आपल्याला रस्ता दिसावा म्हणून नसते, समोरच्याला आपण दिसावं म्हणून असते. एवढी साधी गोष्ट. पण ती आमच्या भागात समजावून सांगताना माझा घसा बसला, एक लग्न खोळंबलं, आणि सासुरवाडीत माझी जी काही इज्जत होती ती दोर लावून ओढत न्यावी लागली. तरीही माझंच म्हणणं खरं होतं. शेवटी ते सिद्धही झालं. (कसं झालं, ते वाचा. मला समोरासमोर मात्र विचारू नका.)

मी भिंगारला राहतो, दूध संघाच्या ऑफिसात नोकरी करतो आणि बी.कॉम. आहे. आमच्या घराण्यात डिग्री घेतलेला पहिला माणूस मीच. पाहुणा आला की आमचे वडील पाण्याच्या तांब्याआधी माझा पदवीचा फोटो पुढे करतात. सांगायचा मुद्दा असा की मी शिकलेला आहे, त्यामुळे मला कुणी काही सांगितलेलं चालत नाही.

आमचे साडू भाऊसाहेब म्हणजे माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, थोरल्या बहिणीचे यजमान. श्रीगोंद्याकडचे. उसाच्या वाहतुकीचे ट्रॅक्टर आहेत. शाळा आठवीपर्यंत, आवाज तालुक्यापर्यंत, आणि गाडी नवी कोरी, पांढऱ्या पट्टीवाली. मला ते नावाने हाक मारत नाहीत. ‘बी.कॉम.’ म्हणतात. ‘काय बी.कॉम., जेवलास का?’ अशा थाटात, की ऐकणाऱ्याला डिग्री म्हणजे काहीतरी आजार वाटावा.

धाकट्या मेव्हणीची, शीतलची, सोयरीक तिसगावला जमली. लग्न मुलीच्या दारात, तिसगावच्या अलीकडच्याच गावात. बैठकीत असं ठरलं, की नवरा-नवरीला पोहोचवायला गाडी मुलीकडची. आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, अंगणात नजर टाकली. अंगणात दोन गाड्या होत्या. भाऊसाहेबांची लखलखत उभी, आणि माझी शेजारी, झोपेतून उठवल्यासारखी.

“थोरल्या पाव्हण्यांची बरी दिसंल,” मामा म्हणाले. “तिला कसं, दिवसा बी तेज हाय.”

शीतल स्वयंपाकघरातून म्हणाली, “मी धाकट्या दाजींच्याच गाडीतून जाणार.” तिला कॉलेजात घालावं म्हणून मी मामांशी आठवडाभर भांडलो होतो, ते पोरगी विसरली नव्हती. त्यावर मामा ‘बघू’ म्हणाले. आमच्या मामांचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, फक्त जावयाच्या तोंडावर बोलायचं नाही म्हणून.

त्याच क्षणी मी ठरवलं. गाडीला तेजच पाहिजे ना? बसवतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी नगरच्या बाजारातून त्या पट्ट्या आणल्या. दुकानदार म्हणाला, फिटर देतो. मी म्हणालो, गरज नाही. पदवीधर माणसाला चार वायरी जोडता येऊ नयेत? (सुनंदाने विचारलं की बी.कॉम.ला वायरी शिकवतात का. मी मोबाईल काढला.) त्यावर एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस बहुतेक तमिळ बोलत होता, पण लाल वायर लालच दिसत होती. दुपारपर्यंत काम फत्ते. पट्ट्या अशा पेटल्या की पार्किंगमधलं मांजर उठून गेलं.

फक्त दोन किरकोळ गोष्टी झाल्या. एक वायर उरली. आणि किल्ली काढली तरी लाईट बंद होईनात.

“अहो, हे विझत नाहीत,” सुनंदा म्हणाली.

“विझवायचेच नसतात,” मी म्हणालो, आणि उरलेली वायर खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगारहून निघालो, आणि माझ्या सत्त्वपरीक्षेला सुरुवात झाली. आपल्याकडे दिवसा कुणाचा लाईट चालू दिसला की समोरून येणारा माणूस हात वर करून मूठ उघडझाप करतो. एस.टी.च्या ड्रायव्हरने केली. दुधाच्या टेम्पोवाल्याने केली. मोटारसायकलवर मागे बसलेल्या बाईने मांडीवरचं पोर सावरत केली आणि मग त्या पोरानेही केली. एकाने तर गाडी आडवी घालून थांबवलं, काच खाली करायला लावली आणि काळजीने सांगितलं. मी त्याला सगळं शास्त्र समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ते समदं खरं हाय, पन चालू हायेत.”

करंजी घाट उतरेपर्यंत माझं डोकं गाडीच्या इंजिनापेक्षा जास्त तापलं होतं. मी मनाशी पक्कं केलं, की आता कुणी काही म्हणो, या विषयावर आपण माघार घ्यायची नाही.

गाडी मांडवाबाहेर अशी लावली की मामांना बसल्या जागेवरून दिसावी. मामांनी पाहिली. एक नाही, दोनदा पाहिली. आणि म्हणाले, “मग तुमचीच घ्या.” आयुष्यात इतका आनंद मला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. फुलवाल्याला गाडी सजवायची होती म्हणून ती उघडीच ठेवली आणि पुढच्या रांगेत, भाऊसाहेबांच्या शेजारी, ऐटीत जाऊन बसलो.

माईकवर ढवळे सर होते. गावच्या प्रत्येक लग्नात तेच असतात. आलेल्या पुढाऱ्यांची नावं घेता घेता ते म्हणाले, “एक सूचना. मांडवाबाहेरील पांढऱ्या गाडीचे लाईट चालू आहेत. मालकांनी बंद करावेत.”

मी हललो नाही.

थोड्या वेळाने पुन्हा सूचना. या वेळी गाडीचा नंबरही. भाऊसाहेबांनी मला कोपराने ढोसलं. “बी.कॉम., तुझी दिसतीया.” मी म्हणालो, माहीत आहे. तिसरी सूचना ऐन मंगलाष्टकांच्या तोंडावर आली. अंतरपाट धरलेला, लोकांच्या मुठीत अक्षता, आणि ढवळे सर अगदी कळवळून सांगताहेत की बॅटरी उतरेल, वाहनधारकांनी समाजाचं नाही तर निदान स्वतःचं तरी हित पाहावं.

मी उठलो. लोकांना वाटलं, निघाला लाईट बंद करायला. मी सरळ स्टेजवर गेलो आणि माईक हातात घेतला.

काय बोललो ते शब्दशः आठवत नाही, पण भाषण चांगलं झालं. युरोपातल्या धुक्यापासून सुरुवात केली आणि उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा का नसतो इथपर्यंत आलो. (इथे भाऊसाहेब खाली मान घालून चप्पल शोधू लागले.) या लाईटने बॅटरी उतरत नाही, हे मी तीन वेळा सांगितलं. “म्हणून ते लाईट चालूच राहतील,” असं म्हणून मी नमस्कार केला. मागच्या रांगांना लग्न लागलं असं वाटून त्यांनी अक्षता टाकल्या. ढवळे सरांनी सवयीने माईक घेतला आणि वेळात वेळ काढून शुभाशीर्वाद दिल्याबद्दल माझे आभार मानले.

स्टेजच्या पायऱ्या उतरतो तोच तात्या आडवे आले. तात्या म्हणजे मामांचे धाकटे भाऊ. अतिशय प्रेमळ माणूस, पण शेजाऱ्याचा नळ गळत असला तरी यांना चैन पडत नाही, स्वतः जाऊन बंद करून येतात. हाताला काळं लागलेलं, ते धोतराला पुसत म्हणाले, “पाव्हणं, ते लायटीचं म्या...”

मी हात जोडले. “तात्या, आज त्या लाईटबद्दल एक शब्द नको.”

जेवणाच्या पंगतीत ते पुन्हा माझ्यासमोर वाकले. “पाव्हणं, मी काय म्हंतो, ते लायटीचं...” मी त्यांना शेजारी बसवून त्यांच्या ताटात जिलेबी वाढायला लावली.

मग पाठवणी. शीतल आईच्या गळ्यात पडली, आया-बाया हुंदके देऊ लागल्या, बँडवाल्यांनी रडकं गाणं धरलं. मलाही भरून आलं होतं. नवरा-नवरी मागे बसले. पुढे माझ्या शेजारी पाठराखण म्हणून तात्या. मी डोळे पुसले, ऐटीत किल्ली फिरवली, आणि काहीही झालं नाही.

काहीही म्हणजे काहीही. आवाज नाही, काट्याची हालचाल नाही. पुढच्या पट्ट्याही विझलेल्या.

रडणं थांबलं. सासूबाईंचा एक हुंदका अर्ध्यावर होता, तो त्यांनी तसाच धरून ठेवला.

“उतरली बॅटरी,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणाले. इतकं एकमत त्या गावात ग्रामसभेतही होत नाही.

“बॅटरी उतरलेली नाही,” मी म्हणालो. “स्टार्टरचा प्रॉब्लेम आहे.”

“मग लाईट का विझले?”

“ते आपोआप बंद होतात. टेक्नॉलॉजी आहे ती.”

तात्या म्हणाले, “पाव्हणं, ते...” मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खिडकीबाहेर बघू लागले.

मग ढकलायचं ठरलं. वऱ्हाडी लागले, बँडवाले लागले, क्लॅरिनेटवाला एका हाताने वाजवत दुसऱ्या हाताने ढकलत होता. गाडी वेशीपर्यंत गेली, चालू झाली नाही, म्हणून ढकलत परत मांडवापाशी आणली. परत आणल्यावर बायकांना पुन्हा रडणं भाग पडलं. पुन्हा ढकलली, पुन्हा परत आणली. एकाच मुलीला तीनदा निरोप देऊन सासूबाई घायकुतीला आल्या आणि म्हणाल्या, आता जायचं तर जा बाई एकदाची.

भाऊसाहेब पुढे आले. त्यांच्या हातात बॅटरीला बॅटरी जोडायच्या केबल होत्या. चेहऱ्यावर दया होती, ती मला सहन होईना.

“बॉनेट उघड, बी.कॉम. दोन मिनिटांचं काम हाय.”

आता बॉनेट उघडणं म्हणजे कबुलीच. काही तासांपूर्वी मी सबंध गावासमोर माईकवर जे सांगितलं, ते खोटं होतं असं लिहून दिल्यासारखंच. मी म्हणालो, बॉनेट उघडणार नाही.

मामा खिडकीशी आले. ते चिडले नव्हते, त्यामुळे जास्त भीती वाटली. “पाव्हणं, पोरगी उन्हं कलायच्या आत घरात गेली पायजे. तिला थोरल्यांच्या गाडीत बसू द्या.”

मी काही बोलायच्या आत मागून शीतल वडिलांना म्हणाली. “मी उतरणार नाही, अण्णा. दाजी म्हणतात ना बॅटरी चांगली आहे? मग चांगली आहे.”

झालं! आता तर मला माघार घ्यायला जागाच उरली नाही. अख्ख्या जिल्ह्यात माझ्यावर विश्वास ठेवणारं एक माणूस निघालं, तेही नेमकं नको तेव्हा. नवरदेव बिचारा फेटा सांभाळत कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होता. कोणत्या घराशी आपण सोयरीक केली, हे त्याला हळूहळू कळत असावं.

शेवटी भाऊसाहेबांनी डिकीतून दोर काढला. त्यांची गाडी पुढे, पांढऱ्या पट्ट्या लखलखताहेत. मागे दोर. दोरामागे फुलांनी मढवलेली माझी गाडी. इंजिन बंद असल्यामुळे स्टिअरिंग जात्यासारखं जड झालेलं, ब्रेक दाबायला दोन्ही पाय लावावे लागत होते. दात आवळून मी ते ओढत होतो. समोरून येणारा एकही माणूस आता मूठ उघडझाप करत नव्हता. सगळे नुसते थांबून बघत होते.

वाटेत तात्यांनी पुन्हा तोंड उघडलं. मी म्हणालो, “तात्या, लाईट सोडून दुसरं काहीही बोला.” मग ते तिसगाव येईपर्यंत कांद्याबद्दल बोलले.

शीतलने माप ओलांडलं, आत गेली. तात्या शांतपणे उतरले, मला न विचारता बॉनेट उघडलं, हात घालून काहीतरी दाबून बसवलं, आणि पुढच्या दोन्ही पट्ट्या लख्ख पेटल्या. मी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू.

“तुमी भाशन करत हुता तवा म्याच काढून ठिवली हुती बॅटरीची वायर,” तात्या म्हणाले. “म्हनलं, पाव्हण्यांची बॅटरी उतराया नको. तवाधरनं त्येच सांगतोय.”

भाऊसाहेब दोराची गुंडाळी करत होते. त्यांचे हात थांबले. “म्हंजी बॅटरी चांगली हुती?”

“मी काय सांगत होतो?” मी म्हणालो. हे वाक्य मी छाती काढून म्हणालो आणि अजूनही तसंच म्हणतो. त्या लाईटने बॅटरी उतरत नाही. सिद्ध झालेलं आहे.

“मग मी वढलं कशाला?” भाऊसाहेब म्हणाले. या प्रश्नाचं उत्तर बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात नाही.

तेव्हापासून सासुरवाडीत, नवरी कुणाच्या गाडीतून गेली, यावर दोन पक्ष आहेत. माझ्या पक्षात मी आणि शीतल. ती माझ्याच गाडीतून गेली, याला फोटोचा पुरावाही आहे. फोटोग्राफरने रस्त्यात काढलेला एक फोटो अल्बममध्ये आला. त्यात मागे नवरा-नवरी छान हसताहेत, फक्त पुढे दोर आणि भाऊसाहेबांच्या गाडीची पाठ दिसत होती. मी मुद्दाम नगरला जाऊन त्याच्याकडून दोन्ही पुसून घेतलं. आता फोटोत रस्ता मोकळा आहे आणि गाडी फक्त माझी आहे. मी स्टिअरिंगला लोंबकळलोय, दात आवळलेत, कपाळाच्या शिरा फुगल्यात. आणि अल्बम पाहणारा प्रत्येक पाहुणा त्या पानावर थांबून सुनंदाला विचारतो, “गाडी तर उभीच दिसतीय. मग हे एवढा जोर कशाला लावताहेत?”